सोबती कोण?

धाकट्या,

तू उठशील तेव्हा मी बोटीत असेन. त्या किल्ल्याच्या बेटावर ज्येष्ठांची एका दिवसाची सहल आहे ना, तिला एकटीच चाललेय.

ठरवली होती बाबांसाठी. तिथे पायऱ्या नाहीत, धक्क्यापासून तटापर्यंत उतार केलाय, चाकाची खुर्ची थेट जाते. फक्त खुर्चीसोबत साठीच्या आतला एक सोबती लागतो. काल बुकिंगवाल्याने माझं वय विचारलं. सांगितलं, तर म्हणाला, "मग आजी, तुम्हीही ज्येष्ठच. तुम्हा दोघांचा सोबती कोण?" बाबा शेजारी होते. पोट धरून हसले. "म्हातारी झालीस की गं! जा तूच. मला धाकटा सांभाळेल."

(आत्ता त्यांनी हाक मारली. चष्मा उशीखाली होता.)

भात मऊ कर. गोळी "घेतली" म्हणाले तरी गालात बघ. उठवताना काखेत हात घाल, दंड धरून ओढू नकोस. आंघोळीला पाणी आधी पायांवर, नाहीतर घर डोक्यावर घेतील.

(पुन्हा हाक. काही नको होतं. मी गेले का, तेवढंच बघायचं होतं.)

संध्याकाळच्या बोटीने येईन. "ती कुठाय?" असं ते दिवसभर विचारतील. दर वेळी मला फोन लावू नकोस, तूच काहीतरी सांग.

किल्ला बघून होईल की नाही, माहीत नाही. तिथे जागोजागी सावलीत बाक आहेत म्हणे.

ताई