सेवाग्रामच्या पार्टीचे दोन पिपे

मी, मोतीलाल विठोबाजी साटोणे, वय एकाहत्तर, धंदा तेलघाणी, राहणार गोल बाजारामागे, वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि चहा घेऊन लिहायला बसलो आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याची ऐपत फक्त माझी पत्नी कौशल्याबाई हिची आहे, आणि ती आत लोणच्याचे आंबे पुसते आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शेजारच्या कोकिळाबाई थूल या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स आहेत. त्यांनी सकाळी माझा बीपी पाहिला आणि डोकं ठिकाणावर असल्याचं सांगितलं. बीपीचा डोक्याशी काय संबंध, हे मी विचारलं नाही, कारण निकाल माझ्या बाजूचा होता.

यापूर्वी केलेली माझी तिन्ही मृत्युपत्रे याद्वारे रद्द करतो. ती का केली नि का मोडली हेही लिहून ठेवतो, नाहीतर मागाहून लोक म्हणतील, म्हातारा चळला होता.

चौऱ्याण्णव साली सरकारने बाहेरदेशच्या पामतेलाला दार उघडून दिलं. तोवर माझ्या घाणीवर सकाळपासून रांग असायची. लोक घरचं जवस, तीळ, शेंगदाणे पोत्यात घालून आणत, समोर बसून तेल काढून घेत आणि उरलेल्या चोथ्याची ढेप माझ्याकडे ठेवून जात. ढेप हीच माझी मजुरी. ती मी ढोरंवाल्यांना विकायचो आणि झोपायचो. पामतेल आलं ते माझ्या तेलापेक्षा इतकं स्वस्त की लोक शेंगा बाजारात विकून तयार तेलाचा पिपा डोक्यावर घेऊन घरी जाऊ लागले. पुढे जवस पेरणंच सोडलं आणि सोयाबीन पेरलं. सोयाबीन माझ्या घाणीच्या कामाचं नाही. त्याला मोठा कारखाना लागतो.

त्याच साली माझा एकुलता एक मुलगा देवीदास याने आमच्या दुकानात पामतेलाचे चार पिपे आणून ठेवले. मी ते रस्त्यावर ठेवले. तो बायको-पोराला घेऊन पिपरी मेघेला राहायला गेला आणि तिथे त्याने पामतेलाचं गोदाम टाकलं. पहिलं मृत्युपत्र त्याच आठवड्यातलं. त्यात देवीदासला काही नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली पामतेलावरचा कर आणखी उतरवला, आणि वर हुकूम काढला की तेल सुट्टं विकू नका, बंद डब्यात विका. भेसळ केली कुठल्या लांबच्या शहरातल्या लोकांनी, आणि बरण्या गेल्या माझ्या गिऱ्हाइकांच्या हातातल्या. दुसऱ्या मृत्युपत्रातही देवीदासला काही नव्हतं, फक्त कारणं वाढवली. दोन हजार एक साली सरकारला काय सुबुद्धी झाली कोण जाणे, कर चांगला चढवला. पामतेल महागलं, देवीदासच्या गोदामात माल पडून राहिला. मी गल्लीत पेढे वाटले आणि तिसऱ्या मृत्युपत्रात त्याला अर्धं घर लिहून दिलं. यंदा एप्रिलात कच्च्या पामतेलावरचा कर शून्य केला. पाच नाही, दहा नाही, शून्य. म्हणून हे चौथं. आमचे वकील प्रभाकरराव म्हणतात, लोक आजारी पडले की मृत्युपत्र करतात, तुम्ही कर बदलला की करता. महागाईने लोकांच्या तोंडचं पाणी पळालं आहे हे मलाही दिसतं. पण ती खाली उतरवायला दरवेळी माझ्याच घाणीची शिडी का लागते, हे मला कोणी सांगावं.

कलम १. राहते घर कौशल्याबाईने हयातभर वापरावे. तिच्यामागे ते देवीदासचा मुलगा, माझा नातू अंकित, याला जावे. ज्या रेडिओवर मी दरवर्षी बजेट ऐकून उपाशी झोपलो तो रेडिओही अंकितलाच. त्याने त्यावर क्रिकेट ऐकावे, त्यात निदान कधी कधी आपण जिंकतो.

कलम २. पोस्टातली आणि पतसंस्थेतली सर्व शिल्लक मुलगी रीता, मुक्काम तळेगाव (श्यामजी पंत), हिला द्यावी. रीताने आजवर माझ्याकडे काही मागितलं नाही. जावई मागतात, म्हणून रक्कम रीताच्याच नावे जमा व्हावी.

कलम ३. घाणीवरचा माणूस तानबा कुमरे याने माझ्याकडे उमेदीची सगळी वर्षं काढली. घाणीमागची खोली त्याची. पितळी मापही त्याचेच. या मापाने मी कोणाला एक थेंब कमी दिला नाही आणि एक थेंब जास्तही दिला नाही. सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा नाही. तो अजून ते बोलून दाखवतो.

कलम ४. देवीदास यास घाणीची एक काडी किंवा तेलाचा एक थेंब मिळू नये. तिसऱ्या मृत्युपत्रातले अर्धे घरही परत घेतले आहे. पिपे रस्त्यावर गेले त्या दिवशी तो मला म्हणाला होता, "लोकायले स्वस्त पायजे, बाबा. तुमाले शुद्ध पायजे. दोघायची गाठ मी कुठं घालून देऊ?" मी म्हटलं, गाठ घालायला तू भटजी आहेस का. त्यानंतर आमचं बोलणं झालं ते लग्नामौतीत, तेही 'जेवले का' इतकंच. सून हर्षा दिवाळीला चिवडा पाठवते. तो पामतेलातला असतो. मी खात नाही. डबा मात्र रिकामा होऊन परत जातो, त्याची चौकशी कोणी करू नये.

कलम ५. समोरचे किराणा दुकानदार नत्थूजी यांनी या गल्लीत पामतेलाची पहिली पाटी लावली आणि वर मला विचारलं, मोतीभाऊ, पाटीचा रंग बरा दिसतो का. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असा प्रभाकररावांचा सल्ला आहे. म्हणून नत्थूजींना साक्षीदार केले आहे.

कलम ६. माझ्या तेरवीचा सगळा स्वयंपाक घाणीच्या शेंगदाणा तेलात व्हावा. वडेसुद्धा. ज्यांना 'वास येतो' त्यांनी घरून जेवून यावे.

कलम ७. आता मुख्य गोष्ट. माझ्यामागे घाणीचं काय होईल, हा एकच घोर मला आहे. घाणी, तिची मोटार, खालची जागा, सगळं माझं स्वकष्टाचं आहे. रीताला ती नको. देवीदासला दिली तर तिथे पिप्यांची थप्पी लागेल. घाणी अशा माणसाला जावी ज्याला तेलाची कदर आहे, आणि असा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात मला एकच माहीत आहे.

पंच्याण्णवच्या हिवाळ्यात रांग संपली होती. मी मोटार विकायला काढली होती. तेव्हा एका सोमवारी तानबा रोख पैसे घेऊन आला. म्हणाला, सेवाग्रामची एक पार्टी आहे, तिला दर सोमवारी शेंगदाणा तेलाचे दोन पिपे लागतात, नाव सांगायची तिची इच्छा नाही. त्या दिवसापासून आजवर एकही सोमवार चुकला नाही. पार्टीने भाव केला नाही, उधारी मागितली नाही. तानबा निरोप आणायचा, "पार्टी म्हन्ते, असं तेल आता कुठंच नाई भेटत." त्या दोन पिप्यांवर तानबाचा पगार निघाला, विजेचं बिल निघालं आणि माझी मान ताठ राहिली. वर्ध्याचा माणूस असून भाव करत नाही, याला म्हणतात तेलाची कदर.

तरी माझी संपूर्ण घाणी, जागा व मोटारीसह, मी सेवाग्रामची पार्टी श्री. ................ यांस देत आहे.

इथवर काल शनिवारी लिहिलं. संध्याकाळी प्रभाकररावांनी वाचलं आणि त्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. पार्टीच्या नावाने मिळकत जात नाही, पूर्ण नाव लागतं, बापाचं नाव लागतं, पत्ता लागतो. मी आज सकाळी तानबाला बोलावून नाव विचारलं. त्याने पंख्याकडे पाहिलं, कॅलेंडराकडे पाहिलं. शेवटी म्हणाला, "मी निस्ते पिपे नेऊन देतो, मालक," आणि भरला चहा टाकून निघून गेला. तानबाने चहा टाकलेला मी आजवर पाहिला नव्हता.

मी आत जाऊन कौशल्याबाईला अडचण सांगितली, की एवढी मोठी मिळकत देतो आहे आणि त्या भल्या माणसाचं नाव मिळत नाही. तिने हातातला आंबा परातीत ठेवला.

"नाव मले काय विचारता?" ती म्हणाली. "तुमीच ठेवलं होतं त्याचं."

मग ती एकेक सांगू लागली. माझे पिपे सोमवारी पिपरी मेघेला जातात. देवीदास ते मी लावतो त्या भावाने घेतो आणि सेवाग्रामला दवाखान्याजवळच्या एका खानावळीला पामतेलाच्या भावाने देतो. मधली तूट गोदामाच्या नफ्यातून भरतो. हे तिला पहिल्या सोमवारपासून माहीत आहे. हर्षाला माहीत आहे. रीताला तळेगावात बसून माहीत आहे. नत्थूजींनाही माहीत आहे, आणि इतकी वर्षं पोटात ठेवल्याबद्दल त्यांना काही द्यावं म्हटलं तर आता ते साक्षीदार होऊन बसले आहेत.

खानावळवाल्याचं काय म्हणणं, मी विचारलं. निदान त्याला तरी तेल आवडत असेल. कौशल्याबाई म्हणाली, त्याची तक्रार आहे की तेलाला वास फार येतो, म्हणून तो त्यात थोडं पामतेल घालून घेतो.

मला राग आला, हे आधी नोंदवतो. माझी शुद्ध तेलाची घाणी तेरा वर्षं पामतेलाच्या नफ्यावर चालली आणि गल्लीभर मी ताठ मानेने फिरलो. वर्ध्याचा माणूस भाव करत नाही, तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण स्वतःच्या तेलाची तारीफ ऐकताना कोणाचं डोकं चालतं? नंतर आठवलं की दोन हजार एक साली त्याचा माल पडून होता आणि मी पेढे वाटत होतो, त्या सोमवारीही दोन पिपे गेले होते. पैसे रोख आले होते. मग मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, आणि तरी डोळे थांबेनात, म्हणून पुन्हा धुतलं. हेही नोंदवतो. परदेशी तेलावर जो कर लावा म्हणून मी दिल्लीला पत्रं पाठवत होतो, तो कर माझ्या पोराने पिपरी मेघेत बसून स्वतःवर लावून घेतला होता. सरकारने चढवला, उतरवला, शून्य केला. याने एकदाही उतरवला नाही. लोकांना स्वस्त आणि मला शुद्ध, दोघांची गाठ त्याने घातली आणि मला पत्ता लागू दिला नाही.

तरी वरील रिकाम्या जागी नाव लिहितो ते असे: देवीदास मोतीलाल साटोणे, राहणार पिपरी मेघे, तालुका व जिल्हा वर्धा.

प्रभाकरराव आत्ता समोर बसले आहेत. त्यांचं म्हणणं, कलम चार म्हणतं याला एक थेंब देऊ नका, कलम सात म्हणतं सगळी घाणी द्या, दोन्ही एकाच माणसाबद्दल आहेत, तर चौथं खोडा. मी विचारलं, न खोडता काय होईल? ते म्हणाले, दोन कलमं एकमेकांच्या उलट असली आणि मेळ बसतच नसला, तर कायद्याने नंतरचं कलम टिकतं. मग ठीक आहे. चौथे कलम खोडू नये. तो राग माझा स्वतःचा आहे, मी तो मेहनतीने सांभाळला आहे, आणि देवीदासने तो एकदा वाचावा. त्यानंतर त्याने सातवे वाचावे. घाणी चालवायची की बंद करायची, हे तो ठरवील. मी अट घालत नाही. मी घातलेली अट पाळायला तो पुन्हा कोणती तरी पार्टी उभी करील.

कलम ८. हे मृत्युपत्र मी जिवंत असेतो प्रभाकररावांकडे बंद राहावे. मला कळले आहे, हे देवीदासला कोणीही सांगू नये. कौशल्याबाईनेही नाही. तेरा वर्षं तिने मला सांगितलं नाही, तेव्हा तिला जमेल.

उद्या सोमवार आहे. तानबाने दोन पिपे नेहमीप्रमाणे न्यावेत. पैसे नेहमीच्या भावाने रोख घ्यावेत, नाही घेतले तर देवीदासला संशय येईल. पिपे भरताना मात्र पितळी माप वापरू नये. काठोकाठ भरावेत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि दोन ठिकाणी शाई फुटली आहे ती पंख्यामुळे, असे समजावे.

ठिकाण: वर्धा
दिनांक: १८ मे २००८, रविवार

सही: मोतीलाल विठोबाजी साटोणे

साक्षीदार, ज्यांच्यादेखत वरील सही झाली व ज्यांनी माझ्यादेखत आपली सही केली:

१. नत्थूजी लक्ष्मणराव हिवरकर, किराणा दुकानदार, गोल बाजार, वर्धा. (सही करताना हसले. त्यांना हसू दिले.)

२. कोकिळा हरिदास थूल, निवृत्त परिचारिका. (सहीनंतर माझा बीपी पुन्हा पाहिला. वाढला आहे. बुद्धी शाबूत असल्याचे त्यांनी तरीही कबूल केले.)