शेऱ्याचा रकाना

मी, श्रीमती सुलक्षणा दयानंद पडवळ, वय ६१, राहणार कासार आंबोली, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, धंदा घरोघर जाऊन पायांची निगा राखणे, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि मला कुणी दमदाटी केलेली नाही. आजार स्वादुपिंडाचा आहे. डॉक्टरांनी दसऱ्याला तीन महिने सांगितले होते, त्यातले दीड गेले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही, तेवढी सवडच मिळाली नाही.

१. कासार आंबोलीचं घर आणि परसातली जागा माझा मुलगा ऋषिकेश याला. त्यांच्या बावधनच्या सोसायटीत कुणी विचारलं की सून स्नेहल सांगते, ‘सासूबाई वेलनेसमध्ये आहेत.’ मी लोकांची कुरुपं काढते, जाड झालेली नखं कापते, टाचांच्या भेगा भरते. स्नेहलच्या लग्नातल्या पाटल्या त्याच पैशाच्या आहेत. पाटल्या तिच्याकडेच राहू द्याव्यात. तिच्यावरचा राग मी बरोबर घेऊन जाते.

२. बँकेतल्या ठेवीतून दवाखान्याचं बिल भागवून उरेल ते ऋषिकेशला. यंदाचं आयकर विवरणपत्र त्याने भरावं. पौडच्या गाळ्याचं भाडं, ब्लेड, स्पिरिट आणि पेट्रोल यांच्या पावत्या निळ्या पिशवीत महिनेवार आहेत. पेट्रोल घरखर्चात मिसळू नये. बारा वर्षं मी ते वेगळं ठेवलं आहे.

३. पौडच्या गाळ्यातली खुर्ची, पकडी, कानशी, हत्यारं उकळायची पेटी, स्कूटर आणि सगळ्या वह्या पौडच्या रेश्मा शेडगे हिला. ती माझ्याकडे दोन वर्षं शिकली आणि २०२२ साली बावधनच्या पार्लरमध्ये गेली, जाताना माझी सहा गिऱ्हाइकं घेऊन गेली. तेव्हापासून मी तिच्याशी बोलले नाही. पण पाय हातात घेतला की आधी बोटांच्या बेचक्यात बघायचं, हे मी शिकवलेल्यांपैकी तिच्या एकटीच्या अंगात मुरलं. या महिन्यात मी तिला नऊ वेळा फोन केला. तिने उचलला नाही.

४. वह्यांबद्दल. माझ्याकडे सदतीस माणसं आहेत. त्यांतल्या चौदा जणांना साखरेमुळे तळपायात काटा रुतला तरी कळत नाही. त्यांचं दुखणं त्यांच्या पायात नाही, माझ्या वहीत आहे. प्रत्येक भेटीची एक ओळ: तारीख, नाव, डावा की उजवा, काम, रक्कम, आणि शेवटी शेरा. पुढच्या भेटीची तारीख शेऱ्यातच असते.

२०१९ साली खुर्चीसाठी कर्ज काढायचं होतं. बँकेतल्या माणसाने वही चाळली आणि विचारलं, “बाई, हा हिशोब आहे की आजारपणाची डायरी?” मला लाज वाटली. घरी येऊन सगळं स्वच्छ वहीत उतरवलं, दर माणशी दर महिन्याला एक रक्कम. शेऱ्याचा रकाना गाळला. जुनी वही बंबात घातली. कर्ज आठवड्यात मंजूर झालं.

जुन्या वहीत एक ओळ होती: ‘कोंडाजी, डावा अंगठा, कडेला काळपट, आठ दिवसांनी बघणे.’ ती बंबात गेली आणि माझ्या डोक्यातूनही गेली. मी एकविसाव्या दिवशी गेले. कोंडाजीभाऊंचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. त्यांना तर नाहीच.

म्हणून रेश्माला अट एकच. महिनाअखेरीला रकमेची बेरीज करण्याआधी शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचायचा. मला मरणाची भीती वाटते, पण त्याहून जास्त या चौदा जणांची वाटते. वहीत डिसेंबरच्या, जानेवारीच्या तारखा पडल्या आहेत, आणि तिथे जायला कुणी नाही.

५. ~~कोंडाजीभाऊंच्या उजव्या पायासाठी मी पुढे पैसे घेतले नाहीत. ते मात्र दर खेपेला दोनशे रुपये पिशवीत कोंबायचे आणि म्हणायचे, “दोन पायाचंच लिव. एक गेला म्हनून तुजं पेट्रोल कमी लागतंय व्हय?” ते पैसे डब्यात आहेत, सव्वीस हजार चारशे. ते त्यांच्या नव्या जयपूर फूटसाठी त्यांना द्यावेत.~~

कलम ५ खोडलं आहे. त्याचं कारण असं. आज कोंडाजीभाऊंना मी साक्षीला म्हणून बोलावलं. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले बंडोपंत, ज्यांनी मला हा मसुदा करायला मदत केली, त्यांनी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. चौथं कलम आलं तेव्हा मी भिंतीकडे बघत होते. वाचून झाल्यावर बंडोपंत म्हणाले, “ज्याला पैसे मिळणार त्यालाच साक्षीदार करू नये, अहो. दुसरं कुणी बघू.”

कोंडाजीभाऊ माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “मला ठावं हाय. आठ दिसांनी येते म्हनली व्हतीस. मी दिस मोजत व्हतो.”

“मग फोन का नाही केलात?”

“दुखतच न्हवतं तर काय सांगू फोनवर? तू येशील म्हनून बसलो.” त्यांनी पेन मागितलं. “पैसं नगं. ते रेश्माला दे, पेट्रोलला. साक्षीला मीच बसतो.”

त्यावरून डब्यातली रक्कम रेश्माच्या पेट्रोलसाठी. या खोडाखोडीला माझी सही आहे. बंडोपंत म्हणतात, रेश्माच्या सहीची कायद्याला गरज नाही. मला आहे, म्हणून खाली जागा ठेवली आहे.

मी या दोघांच्या देखत सही केली आणि त्यांनी माझ्या देखत.

स्थळ: कासार आंबोली
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

(सही) सुलक्षणा दयानंद पडवळ

साक्षीदार
१. (सही) कोंडाजी बाबू मारणे, कासार आंबोली
२. (सही) बंडोपंत विनायक जोशी, पौड

शेरा: कोंडाजी, उजवा पाय, टाचेला लालसर, चार दिवसांनी बघणे. मंगळवार, १८ नोव्हेंबर.

बघणार: रेश्मा शेडगे. सही: ....................