खोली तयार होईपर्यंत

माजरी
२४ जानेवारी १९८९

प्रिय गौतमी,

शनिवारी मोहवनहून परत आलो. तुझं पत्र शेजारच्या खैरुनबाईंनी जपून ठेवलं होतं. तू तीन गोष्टी विचारल्या आहेस: स्वेटर नेला होता का, वाघ दिसला का, आणि यंदा तरी खोली वेळेवर मिळाली का. स्वेटर नेला होता. वाघ दिसला नाही, पण रानगव्यांचा कळप रस्त्यावर पाऊण तास उभा होता आणि आमची जीपही तेवढाच वेळ उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, "आता हे हटन तवाच आपन हटू." तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं, पण मला ते सविस्तर लिहायचं आहे. तेव्हा शाळेतून दमून आल्या आल्या हे वाचू नकोस. चहा घे, बस, आणि मग वाच.

तुला आठवत असेल, मी रिटायर होण्याच्या सुमारास नागपूरचा एक टाय लावलेला माणूस आपल्या कॉलनीत आला होता. मोहर्लीच्या अलीकडे जंगलाला लागून 'मोहवन' नावानं बारा खोल्या बांधल्यात म्हणाला, वर्षातला एक आठवडा कायमचा तुमचा, दरवर्षी तोच आठवडा आणि तीच खोली. 'टाईमशेअर' हा शब्द तुझ्या आईच्या जिभेवर कधी बसला नाही, ती 'आपला हप्ता' म्हणायची. आठवडाही तिनंच निवडला. ऑक्टोबरात चंद्रपूरची दीक्षाभूमी, डिसेंबरात सहा तारीख, उन्हाळ्यात तू येणार. म्हणून जानेवारीतला दुसरा. तू तेव्हा भिलाईहून लिहिलं होतंस की बाबा, हे काय घेतलंत, खाणीतल्या माणसाला जंगलात काय करायचं आहे. तुझी आई म्हणाली, "तिले लिवा, खानीतून वरतं याचं हाये म्हनून."

पहिल्या वर्षी आम्ही दोघं गेलो ते तुला माहीत आहे, पण त्या शनिवारची गोष्ट मी तुला कधी नीट सांगितली नाही. खोली बारा वाजता मिळायची होती, आम्ही साडेअकरालाच ट्रंक घेऊन हजर. मिळाली सव्वापाचला. तीस वर्षं खाणीवर टाइमकीपर होतो मी. कोण किती मिनिटं उशिरा आला ते लिहिण्यात जन्म गेला, त्यामुळे दर पंधरा मिनिटांनी उठून ऑफिसात जायचो आणि मॅनेजर जाफर मला तेच सांगायचा, "बस, हून राह्यली भाऊ." शेवटी सात नंबरच्या खोलीत शिरलो तर पलंगाखाली भुईमुगाची टरफलं, साबणाला कोणाचे तरी केस, आणि चादर अर्धवट ओली. तुझ्या आईनं पदर खोचला, गादी उलटी केली, झाडू मागवला आणि तासाभरात खोली स्वतः केली. मी चिडलो होतो. ती मात्र नंतरचे सहा दिवस खुशीत होती. सकाळी कोणीतरी आयता चहा आणून देतं, याचंच तिला अप्रूप. त्याच पावसाळ्यात ती गेली. तो हप्ता तिला मिळाला, एवढं समाधान मला आहे.

दुसऱ्या वर्षी मी जाणार नव्हतो. तूच हट्ट धरलास, घरात बसून भिंती बघण्यापेक्षा जा म्हणून. गेलो. खोली तयार नव्हतीच. व्हरांड्यात लांब लाकडी बाक आहे, त्यावर सामानाशेजारी बसलो. बाकाच्या दुसऱ्या टोकाला आठ नंबरच्या मालकीणबाई होत्या. आठवडा ठरलेला असल्यामुळे दरवर्षी तीच माणसं भेटतात. मागच्या साली तक्रारवहीत तीन पानं लिहिणाऱ्या त्याच बाई, हे मी ओळखलं. नीलाबाई त्यांचं नाव, आरमोरीच्या दवाखान्यात नर्स आहेत. त्यांनी विचारलं, "भाऊ, बाई नाई आल्या यंदा?" मी सांगितलं. त्यांनी डबा उघडला आणि तांदळाची भाकर आणि पोपटाच्या शेंगांची भाजी झाकणावर काढून माझ्यासमोर सरकवली. गौतमी, आई गेल्यानंतरच्या पाच महिन्यांत मी पोटभर जेवलेलं ते पहिलं जेवण. हे तुला तेव्हा लिहिलं असतं तर तू घाबरली असतीस, म्हणून लिहिलं नाही.

त्या दिवशी खोली मिळेपर्यंत चार तास गेले आणि त्या चार तासांत मला एक गोष्ट समजली. नीलाबाईंचा राग माझ्यासारखा घड्याळाचा नव्हता. विशीत नोकरीला लागल्या, वडील गेले म्हणून दोन भावांची शिक्षणं केली, लग्नं केली, स्वतःचं राहून गेलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, जनमभर दुसऱ्यायच्या चादरी बदलल्या म्या. वर्षातून सात दिवस कोनी माह्यी बदलावी म्हनून हे घेतलं. अन् इथी येऊन पाहाचं त मळकी चादर." असं म्हणून त्या हसल्या, पण डोळे हसत नव्हते.

गेल्या वर्षी मी साडेदहालाच जाऊन पोचलो. लवकर जाण्याचं काही कारण नव्हतं. बरोबर खैरुनबाईंनी करून दिलेल्या अनरशांचा डबा होता. नीलाबाई अकराच्या एसटीनं आल्या. त्या शनिवारी मात्र व्हरांड्यात फार गरम वातावरण झालं. पाच वाजून गेले तरी सहा खोल्या बाकी होत्या. कोणाचं लहान मूल तापलेलं, कोणाचे म्हातारे वडील खुर्चीत पेंगलेले. नागपूरचे एक गृहस्थ उठले आणि खोल्या झाडणाऱ्या सुकरीवर धावून गेले. कामचोर म्हणाले, तिच्या हातातली बादली लाथेनं उडवली. पाणी सगळ्या ओट्यावर. सुकरी शेजारच्याच गावची, माझ्या धाकट्या बहिणीएवढी असेल. ती तिथंच उकिडवी बसून फडक्यानं पाणी गोळा करू लागली आणि बोलत होती ते जणू फरशीलाच सांगत होती. "दोघी जनी बारा खोल्या करतो आमी. दहाले खाली करा म्हनते, अन् लोकं बाराले निंगते. चादरीची एकच जोडी. धुवाव, वाळवाव, मंग टाकाव. ऊनच नाई निंगालं त मी का करू?"

नीलाबाई त्या गृहस्थांच्या आणि तिच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "ते काई कंपनी नोहे, साहेब. कंपनीशी भांडाचं असन त कागद घ्या अन् सही करा." मग मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी खानीत पाळ्या लावत होते ना? लावा इथी."

मी तीन वर्षं तिथं बसून घड्याळ पाहत होतो, पण हे मला सुचलं नव्हतं! आम्ही जाफरला बाहेर बोलावलं. भला माणूस आहे, त्याची तरी काय चूक. "माह्या हाती फकत चाब्या हायेत, भाऊ. चादरी नागपूरच्या हाती." सुकरीला बाकावर बसवून आम्ही एकेक गोष्ट विचारली. एका खोलीला किती वेळ लागतो, पाणी किती वाजता चढतं, चादर थंडीत किती तासांनी वाळते. आम्ही सगळे तक्रार करणारे, पण तिला हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. बाराच्या बारा कुटुंबं एकाच शनिवारी जाणार आणि बारा नवी कुटुंबं त्याच दुपारी येणार, ही मुळातली चूक. खाणीत तिन्ही पाळ्या एकाच तासाला उतरवल्या तर काय होईल? मी कागदावर तक्ता आखला. चार खोल्यांची अदलाबदल शुक्रवारी, चारांची शनिवारी, चारांची रविवारी. नीलाबाईंनी खाली लिहिलं की प्रत्येक खाटेला चादरीच्या तीन जोड्या आणि कामाला आणखी दोन बाया. अकरा मालकांनी सह्या केल्या. नागपूरच्या गृहस्थांनी शेवटी केली, पण केली. आणि जाताना सुकरीला नवी बादली आणून दिली, तेही लिहायला हवं. तक्ता आखताना सात आणि आठ नंबर एकाच दिवशी आले. ते आपोआप आले, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं.

मग वर्षभर पत्रव्यवहार चालला. कंपनीला लिहायच्या पत्राचा मसुदा मी करायचो, आरमोरीला पाठवायचो, नीलाबाई दुरुस्त करून परत पाठवायच्या. कंपनीचं छापील उत्तर यायचं, आपली गैरसोय झाली याबद्दल दिलगीर आहोत. आम्ही पुन्हा लिहायचो. सुरुवातीच्या पत्रांत फक्त चादरी आणि पाण्याची टाकी. पुढे त्यांत वैनगंगेला आलेला पूर आला, माझी गुडघेदुखी आली, त्यांच्या दवाखान्यात एका आदिवासी बाईला झालेली जुळी आली. ऑक्टोबरात कंपनीनं सगळं मान्य केल्याचं पत्र आलं. मला आनंद झाला. आणि लगेच वाटलं, आता आरमोरीला काय लिहायचं?

आता तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. होय, यंदा खोली वेळेवर मिळाली. वेळेआधी मिळाली. संक्रांतीच्या दिवशी पावणेबाराला सुकरी किल्ली घेऊन समोर आली, हसून म्हणाली, "चाला भाऊ, खोली तयार हाये." फरशी अशी की अनवाणी चालावं. पांढरी चादर, कोपरे दवाखान्यासारखे दुमडलेले, उशीला उन्हाचा वास. ज्यासाठी आम्ही वर्षभर भांडलो ते सगळं होतं. मी पलंगावर बसलो आणि मला काही केल्या बरं वाटेना. पलीकडे आठ नंबरचं दार लागल्याचा आवाज आला. चार वाजेपर्यंत मी छताकडे पाहत पडून होतो. मग उठून बाहेर आलो, तर नीलाबाई एकट्याच बाकावर बसलेल्या. मी विचारलं, खोलीत काही राहिलं का. त्या म्हणाल्या, "काई नाई राह्यलं. सारं जागच्या जागी हाये. पन आत बसून मी का करू?" मीही बाकावर बसलो. त्या आठवड्यात आम्ही रोज जंगलात चालायला गेलो. सुकरीनं तिच्या घरी बोलावून मोहाच्या फुलांच्या भाकरी खाऊ घातल्या. मी फार दिवसांनी मोठ्यानं हसलो, एवढ्या मोठ्यानं की झाडावरची वानरं खेकसली.

गौतमी, गुरुवारी मी नीलाबाईंना विचारलं की माझ्याशी लग्न कराल का. त्या वर्षभरात रिटायर होतील, मला चौसष्टावं लागलं आहे. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हणाल्या, "आधी पोरीले लिवा. तिच्या मनाविरुद्ध मी त्या घरात पाय ठेवनार नाई." म्हणून हे पत्र. तुझी आई असती तर काय म्हणाली असती, ते मी लिहिणार नाही. ती नाही, आणि तिच्या तोंडी माझ्या सोयीचे शब्द घालणं बरं नव्हे. तिची जागा मी कोणाला देत नाही, ती माझ्यापाशी आहे तशीच राहील. पण घरात दिवसभर बोलायला कोणी नाही, हे मी तुला अडीच वर्षं कळू दिलं नाही. दर पत्रात 'मी मजेत आहे' असं लिहिलं. ते खोटं होतं. या आठवड्यात मात्र मी खरोखर मजेत होतो. तुला राग आला तर राग लिही, रडू आलं तर तेही लिही, जावईबापूंशी बोलायला वेळ हवा असेल तर तसं कळव. फक्त गप्प राहू नकोस. तुझं उत्तर जे येईल ते घेऊन मी स्वतः आरमोरीला जाईन. ते पोस्टानं पाठवणार नाही. आणि उत्तर होकाराचं असेल, तर बेटा, तूही माझ्याबरोबर चल.

तुझाच,
बाबा