मेतोदीकाकांची गोळी

प्लोवदिवचं रुग्णालय, मंगळवार

लाडक्या वेसेलाला,

मी बरा आहे. ऑक्सिजनची नळी आता फक्त झोपताना लावतात. मिरचीची रोपं लावलीस का?

मलेरियाची जुनी गोळी कोरोनावर चालते का, ते इथे पाहताहेत. कुणाला द्यायची याच्या चिठ्ठ्या टाकल्या, तर गोळी शेजारच्या खाटेवरच्या मेतोदीकाकांना मिळाली, मला नाही. रोज डॉक्टर त्यांचा ईसीजी काढायचे आणि मी नुसता जळायचो.

"नशीब लागतं, पोरा," काका डिवचायचे.

आज त्यांच्या हृदयाचे ठोके चुकू लागले. डॉक्टरांनी गोळी लगेच बंद केली.

"तू गोळीशिवायच सुधारतोयस, लेका," काका हळूच म्हणाले. "आता मीच जळतो तुझ्यावर."

मला हसू आलं नाही. माझ्या वाटीतलं दही त्यांना भरवलं.

छोट्या दारीनाचा माझ्याकडून पापा घे.

तुझी वाट पाहणारा,
कालिन