अण्णांच्या कोटाचा खिसा

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून घरात सिगरेट बंद. माझीही, पण मुख्य म्हणजे अण्णांची.

पुढे कोणी विचारलं तर कल्पना कोणाची होती याची नोंद असावी, म्हणून लिहून ठेवतो. सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं, हर्नियाचं ऑपरेशन पंधरा डिसेंबरला ठरलं. वय चौऱ्याहत्तर, फुप्फुसं नाजूक. डॉक्टर म्हणाले, आधी सहा आठवडे आणि नंतरही पेशंटच्या घरात कोणी ओढणारं नको, कपड्यांतला धूरसुद्धा नको. हे ऐकताना बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा छताकडे पाहत होते.

घरी आल्यावर बायको म्हणाली, जमत नसेल तर आत्ताच सांग, ऑपरेशननंतर अण्णांना ताईकडे ठेवू. ताई म्हणजे मोठी मेहुणी. घर ऐसपैस, इथून चार तासांवर. हे मला अजिबात मान्य नाही. अण्णा वर्षभर आमच्याकडे आहेत आणि मला त्यांची सवय झाली आहे. जेवणानंतर बुद्धिबळाला बसायला दुसरं आहे कोण? बायकोला वेळ नसतो. लेक अकरा वर्षांची आहे आणि जिंकते. अण्णा रोज हरतात आणि हसत हरतात. असं माणूस घरात हवंच.

अण्णा म्हणतात, नात झाली त्याच दिवशी सोडली. अकरा वर्षं झाली. असेलही. पण इतक्या शांतपणे सांगणाऱ्या माणसावर जरा नजर ठेवलेली बरी. त्यांना सोबत म्हणून मीही सोडतो आहे. मला काही जड नाही. मुळात माझ्या दिवसाला सात-आठ, त्यातल्या तीन कामाच्या. स्मोक डिटेक्टर तपासायचे म्हणजे धूर लागणारच. कंपनी स्प्रे देते, पण स्प्रेचा धूर म्हणजे नुसता देखावा. असो. उद्यापासून स्प्रे.

३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी ७. प्रसन्न.
७.२०. चहा घेतला. चहानंतर काय करायचं ते सुचेना. आणखी चहा घेतला.
७.३५. बायको कपबशी फार जोरात ठेवते. पंधरा वर्षांत हे लक्षात कसं आलं नाही?
निकोटीनचा च्युइंगम आणला. हळू चावा आणि मग गालात धरून ठेवा, असं पाकिटावर लिहिलं आहे. मी हळू चावणारा माणूस नाही. दुपारी दाढेत भरलेलं सिमेंट हातात आलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
च्युइंगम बाद. पट्टी. डाव्या दंडावर एक लावली. तासाभरात गुण येईना, म्हणून उजव्या दंडावर दुसरी. संध्याकाळी घाम फुटला आणि जिना हलताना दिसला. पट्टी बाद.

लेक पेन्सिलीला टोक करत होती. टोक करायला इतका वेळ लागतो का, एवढंच विचारलं. आवाज किंचित चढला असेल. ती वह्या घेऊन अण्णांच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने बायकोही गेली. दार लावून तिघं बराच वेळ कुजबुजत होते. आजारी माणसाला सोबत लागते, त्यामुळे मी काही बोललो नाही.

जेवताना अण्णांनी मला एक उपाय सांगितला. त्यांनी सोडली तेव्हा खिशात एक बटण ठेवलं होतं म्हणे. तलफ आली की ते बोटांत फिरवायचं. वयाचा मान ठेवून मी हसलो नाही. मनात म्हटलं, बटण. वा.

५ नोव्हेंबर, बुधवार
संशय खरा ठरला.

सकाळी अण्णांच्या कोटाला ब्रश मारावा असं मनात आलं. (कोट दाराशीच खुंटीला असतो. आजवर कधी ब्रश मारला नव्हता, ही चूकच.) सहज खिशात हात गेला. रुमालात गुंडाळलेल्या पाच सिगरेटी. सुट्या. ब्रँडही माझाच, म्हणजे जाण आहे माणसाला.

जप्त केल्या. कोणाला सांगितलं नाही. पेशंटचा चारचौघांत पाणउतारा करू नये. प्रश्न विल्हेवाटीचा होता. कचऱ्यात टाकल्या तर लेकीला दिसणार. संडासात टाकल्या तर तुंबणार. सिगरेट नष्ट करायचा खात्रीचा मार्ग एकच, जाळणे. आणि आज एका बँकेचे बावीस डिटेक्टर तपासायचे होतेच. सरकारी कामात जप्त मालाचा असा सदुपयोग क्वचितच होत असेल. पेटती राहावी म्हणून मधूनमधून ओढावी लागते. त्याला ओढणं म्हणत नाहीत, चालू ठेवणं म्हणतात.

आजचा हिशेब. माझ्या: शून्य. अण्णांच्या: पाच.

संध्याकाळी मन हलकं. लेकीची गणितं घेतली. बायको म्हणाली, आज बरा दिसतोस. सकाळपासून गाजरं सुरू केली आहेत, त्यांचा गुण असावा.

८ नोव्हेंबर, शनिवार
रोज पाच. अगदी मोजून. गुडघे दुखतात म्हणून हे दोन जिने उतरत नाहीत, मग माल आणून कोण देतं? बाहेरचा कोणीतरी सामील आहे. आश्चर्य म्हणजे मी रोज जप्त करतो आणि अण्णा अवाक्षर काढत नाहीत. उलट सकाळी मी कोटाकडे निघालो की पेपर तोंडासमोर धरतात. अपराधी मन.

माझ्या: शून्य. अण्णांच्या: पाच.

१० नोव्हेंबर, सोमवार
आज चारच. वचक बसला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
चारांत भागत नाही. म्हणजे तपासणीचं काम भागत नाही. म्हणून बॅटरीवरची आणली. स्ट्रॉबेरीच्या वासाची. नुसती वाफ असते, दुकानदाराने हमी दिली.

दुपारी सार्वजनिक ग्रंथालयात काम होतं. दुसऱ्या मजल्यावर कपाटाआड उभं राहून एकदाच ओढली. डोक्यावरचा डिटेक्टर मीच मार्चमध्ये बसवला होता. तीन मजले रिकामे झाले. एक आजोबा पुस्तक न सोडता, वाचत वाचत जिना उतरले. ग्रंथपाल बाई सगळ्यांना सांगत होत्या की काहीतरी गोड जळतंय. मी गर्दीत सगळ्यांबरोबर काळजीने वर पाहत उभा राहिलो, मग ओळखपत्र दाखवून आत गेलो आणि यंत्रणा बंद केली. अहवालात लिहिलं: अचानक चाचणी घेतली, यंत्रणा चोख. ग्रंथपाल बाईंनी माझे आभार मानले.

बॅटरीवरची बाद.

१७ नोव्हेंबर, सोमवार
तीन. माझ्या लक्षात एक गोष्ट आली आहे. सोमवार आला की अण्णांची एक कमी होते. शिस्तीचा माणूस. आणि हे सगळं माझ्या न बोलता दिलेल्या धाकाने. बायकोला सांगायचा फार मोह होतो, पण मोठेपणा मिरवणं माझ्या स्वभावात नाही. ही वही आहे तेवढी पुरे.

गाजरांनी हाताचे तळवे किंचित पिवळे दिसू लागले आहेत. कामावरचा जोडीदार म्हणाला, कावीळ तपासून घे. गाजरं बाद. कोरी पेन्सिल तोंडात धरतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार
दोन. ग्रंथालयाचा जिना आज एका दमात चढलो. पेन्सिलीचा गुण.

काल लेक माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली की बाबा, तुझ्या शर्टाला साबणाचा वास येतो. एवढंच. पण मला फार बरं वाटलं. किती दिवसांनी अशी टेकून बसली. बायकोला विचारलं, साबण बदललास का? ती नाही म्हणाली आणि आत गेली.

१ डिसेंबर, सोमवार
एक. अर्धी जेवणाआधी चालू ठेवतो, अर्धी जेवणानंतर. बुद्धिबळात आज अण्णांना तीनदा हरवलं. ते म्हणाले, जावईबापू, तुम्ही हल्ली सुधारलात. खेळाबद्दल म्हणाले. पंधरा तारीख जवळ आली. ऑपरेशन झालं की अण्णांना दिवाणखान्यातला पलंग देऊ, म्हणजे पट मांडायला सोपं. ताईकडे जायचा प्रश्नच उरला नाही. हे ज्याच्यामुळे साधलं त्याचं नाव मी घेत नाही.

८ डिसेंबर, सोमवार
सकाळी ७. खिसा रिकामा.
विजय. अण्णा सुटले. पाच आठवड्यांत एका मुरलेल्या माणसाला मी व्यसनातून बाहेर काढलं.
७.१०. पुन्हा पाहिलं. रिकामाच.
७.३०. अस्तर चाचपलं. दुसरा खिसा. छत्री. चपलांचं कपाट.
८. अण्णांच्या उशीखाली पाहत होतो, तेवढ्यात ते जागे झाले. काय शोधताय, म्हणाले. पेन म्हटलं. त्यांनी आपलं पेन दिलं.
दुपारी ४. पेन्सिलीचे दोन तुकडे झाले. मी मोडली नाही.
संध्याकाळी ६. शांतपणे विचार केला. इतक्या वर्षांची सवय एका सोमवारी सुटते का? शक्यच नाही. म्हाताऱ्याने जागा बदलली. लेकीला सकाळपासून दोनदा ओरडलो, तेही या काळजीपोटी.

९ डिसेंबर, मंगळवार
सापळा लावला. कोपऱ्यावरच्या दुकानातून दहाचं पाकीट घेतलं आणि अण्णांच्या कोटात ठेवलं. प्रामाणिक असतील तर दहाच्या दहा राहतील.

तासाभराने मोजल्या. दहा. म्हणजे एकतर प्रामाणिक आहेत, नाहीतर पक्के आहेत. पण ऑपरेशन तोंडावर आलेल्या माणसाच्या खिशात असा मोह ठेवणं बरं नव्हे. जप्त केलं. जाळलं.

माझ्या: शून्य. अण्णांच्या: दहा.

पाच आठवड्यांची मेहनत आणि एका दिवसात दहा. अण्णा फार वाईट घसरले. मला खरंच वाईट वाटतं.

१० डिसेंबर, बुधवार
दुसरा सापळा. माझ्या: शून्य. अण्णांच्या: दहा. ऑपरेशनला पाच दिवस उरले आणि यांची ही तऱ्हा. उद्या तपासणी आहे. तिथे सगळं बाहेर येईल, आणि मग निदान माझ्यावर तरी कोणी बोट दाखवणार नाही.

११ डिसेंबर, गुरुवार
हॉस्पिटलमध्ये मी, बायको आणि अण्णा. तिथे एक यंत्र असतं, त्यात फुंकलं की माणूस ओढतो की नाही ते कळतं. सहाच्या आत आकडा आला तर स्वच्छ. सिस्टरने अण्णांना फुंकायला लावलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. काही झालं तरी आपलंच माणूस.

आकडा आला दोन.

सिस्टर म्हणाली, आजोबा अगदी स्वच्छ. मी म्हटलं, यंत्र बिघडलं आहे. धुराची यंत्रं हा माझा धंदा आहे. ती म्हणाली, कालच तपासून आलंय. मी तिला समजावलं की सेन्सरवर शंका असेल तर खात्रीचा स्वच्छ नमुना देऊन पाहायचा असतो, आणि तसा नमुना इथे उभा आहे, सहा आठवडे शून्य. बायको म्हणाली, राहू दे. मी फुंकलं.

सव्वीस. वर यंत्र कोकललंही. सेन्सर उत्तम आहे, हे मला मान्य करावं लागेल. सिस्टरने विचारलं, हे पेशंटच्याच घरात राहतात का? बायको काही बोलली नाही. पंधरा वर्षांत असं प्रथमच घडलं. मग ती औषधं आणायला गेली.

बाकावर मी आणि अण्णा. मग अण्णा बोलले. म्हणाले, पहिल्या दोन दिवसांत तुमचा अवतार बघून पोर माझ्या खोलीत येऊन रडली. तेव्हा आम्ही तिघांनी ठरवलं. हातात दिल्या असत्या तर तुम्ही घेतल्या नसत्या, पण जप्त करायला मिळाल्या तर घ्याल. आणून द्यायची तुमची बायको. दर सोमवारी एक कमी, हे गणित नातीचं. आठ तारखेला सगळं संपलं होतं, जावईबापू. पोरीने कॅलेंडरवर खूणही केली होती.

मग म्हणाले, ती दहाची पाकिटं आमची नव्हती.

मी म्हटलं, यंत्रात चूक असू शकते. अण्णा म्हणाले, असेल.

१५ डिसेंबर, सोमवार
ऑपरेशन व्यवस्थित झालं.

१८ डिसेंबर, गुरुवार
ताई येऊन अण्णांना घेऊन गेली. ती येताना त्यांच्यासाठी नवा कोट घेऊन आली होती. मी बॅग उचलून गाडीपर्यंत गेलो. अण्णा काच खाली करून काहीतरी सांगणार होते, पण ताई म्हणाली की वारा लागेल.

२१ डिसेंबर, रविवार
दुपारी लेक फोनवर अण्णांशी बोलत होती. तिकडे अण्णा ताईच्या नवऱ्याला रोज बुद्धिबळात हरवतात. मी म्हटलं, अण्णा? लेक म्हणाली, अण्णा तर मलाही नेहमी हरवायचे. तुझ्याशीच हरायचे.

५.३०. जुना कोट अजून खुंटीवरच आहे. खिशात हात घातला, सवयीने. रुमाल नाही, सिगरेट नाही. तळाशी एक बटण. कोटाची सगळी बटणं जागच्या जागी आहेत, हे निराळं. जुनं, तपकिरी, कडा झिजून गुळगुळीत.

५.४०. बोटांत फिरवून पाहिलं. काही होत नाही.

५.५०. अजून काही होत नाही.

६.१५. लेक आली. माझ्या हाताकडे पाहिलं आणि शेजारी बसली. मग थोडी सरकून बसली. शर्टाचा वास येत असणार.

आजचा हिशेब. अण्णांच्या: शून्य. माझ्या: नऊ.