विहीर सात, नावं दोन

३ मार्च

चारशे बारा ओळी नापास! सगळ्याच्या सगळ्या. प्रयोगशाळेची फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की ते जरा वेळ घुटमळतं आणि लाल अक्षरांत हात वर करतं.

चोवीस वर्षं पाणी तपासणीचे आकडे मी हाताने भरले. बाटली प्रयोगशाळेत जाते, कागद माझ्याकडे येतो, मी टाइप करते. आता म्हणे फाइल आपोआप आत जाणार. मॅडम म्हणाल्या, "ताई, वीस तारखेच्या आत जमवा." जमवा! मला बेरजेपलीकडे काय येतं?

४ मार्च

सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. "तुमची फाइलच चुकीची आहे हो ताई." त्याने ती उघडून पाहिलेलीच नाही. पैज लावते.

६ मार्च

सापडलं! पाण्यात शिसं आढळलं नाही तर प्रयोगशाळा शून्य लिहीत नाही. 'पेक्षा कमी'चं चिन्ह घालून आकडा लिहिते – त्यांच्या यंत्राला त्याखालचं दिसतच नाही म्हणून. आणि सॉफ्टवेअरला आकड्याच्या जागी निव्वळ आकडा हवा. चिन्ह दिसलं की ओळ बाद.

सॉफ्टवेअरवाला म्हणाला, "सोपं आहे. सगळी चिन्हं काढून टाका."

"अहो, चिन्ह काढलं की 'सापडलं नाही'चं 'सापडलं' होतं!"

"मग शून्य टाका."

"शून्य तरी कोणी मोजलंय?"

मग म्हणाला, "तुम्ही फारच बारीक बघता बुवा." ऑफिसात पाठीमागे मला दशांशताई म्हणतात, ठाऊक आहे मला. आज पहिल्यांदा ते नाव आवडलं.

९ मार्च

चिन्हाला वेगळा रकाना केला, आकड्याला वेगळा. तीनशे नव्वद नापास. म्हणजे बावीस पास!!

१० मार्च

आता तारखा. प्रयोगशाळा महिना आधी लिहिते, आमचं सॉफ्टवेअर दिवस आधी मागतं. नाकी नऊ आले.

१२ मार्च

शून्य त्रुटी.

खुर्चीतून उठले, उगाच पाणी पिऊन आले, परत पाहिलं – अजूनही शून्य! चारशे बारा ओळी, एकही दशांशचिन्ह इकडचं तिकडे नाही. ताडून पाहिलं, दोनदा.

घरी आले तर हे मशीनवर पँट शिवत बसलेले. सांगितलं. "म्हणजे नक्की केलंस काय?" मी म्हटलं, दुसऱ्याच्या मापाचा कपडा उसवला आणि कापड वाया न घालवता आपल्या मापाचा केला. ह्यांनी पायडल थांबवलं. "मग अवघडच की गं." तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी केलेलं हे दुसरं कौतुक! अंगावर मूठभर मांस चढलं.

१७ मार्च

काम संपलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी जुन्या फायली काढल्या. नऊ वर्षांच्या. हात शिवशिवत होते, दुसरं काय.

सॉफ्टवेअर विहिरी मोजून सांगतं. आमच्या विहिरी एकेचाळीस. ते म्हणे बेचाळीस! कपाळावर हात मारला. सकाळभर यादीवर बोट फिरवलं. एक प्रयोगशाळा 'वि-७' लिहिते, दुसरी नुसतं 'वि ७'. एकच विहीर, मधल्या एका रेघेमुळे दोन झाल्या. मीही वर्षानुवर्षं जसं आलं तसंच टाइप केलं होतं.

दोन्ही नावं एक केली आणि आकडे तारखेने लावले. नायट्रेट – बावीस, एकोणतीस, सदतीस, त्रेचाळीस. आमची मर्यादा पंचेचाळीस. प्रत्येक वेळी शेरा एकच : 'मर्यादेत'. अर्धे आकडे एका नावावर, अर्धे दुसऱ्यावर, त्यामुळे चढण कोणाला दिसलीच नाही. आणि शेवटची बाटली भरली त्याला तेरा महिने झाले.

नायट्रेटने मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. तान्ह्या बाळाला होतं. रक्तातून अंगाला प्राणवायू पोचत नाही. एवढं चोवीस वर्षांत मलाही कळलंय.

१८ मार्च

मॅडमपुढे आलेख ठेवला. त्यांनी बोट ठेवून चारही आकडे वाचले. मग, "ताई, हे कधी केलंत?"

"काल."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

त्यांनी तिथल्या तिथे फोन उचलला. नमुने आणणारे बाटलीवाले काका जेवणाचा डबा तसाच बंद करून निघाले. विहीर सात म्हणजे खताच्या गोदामामागची वस्ती. साठेक घरं.

२१ मार्च

फाइल आली. माझ्याच रकान्यांतून सुरळीत आत गेली, कुठे अडली नाही. विहीर सात – एक्क्याऐंशी.

दुपारी विहिरीला कुलूप, वस्तीला टँकर. भिंतीवर सूचना : हे पाणी पिऊ नये, बाळांच्या दुधात घालू नये, उकळूनही चालणार नाही. 'उकळूनही' माझ्या सांगण्यावरून घातलं. लोक आधी तेच करतात ना!

२६ मार्च

मोठ्या साहेबांपुढे बैठक. मी मागे भिंतीशी बसले होते. मॅडमनी आलेख दाखवला आणि म्हणाल्या, "हे आमच्या ताईंनी शोधलं." पंचवीस माना वळल्या! काय करावं सुचेना, पदर नीट करत बसले.

सॉफ्टवेअरवाल्याचा फोनही आला. माझी रकान्यांची मांडणी ते बाकीच्या कार्यालयांना देणार आहेत. "नाव काय देऊ हो त्याला?" मी म्हटलं, "दशांश द्या." खोखो हसला. मीही.

३० मार्च

आज सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन. त्या वस्तीतलं दीड महिन्याचं बाळ, मुलगी. ओठ निळे पडलेले. हृदयाचं दुखणं समजून मोठ्या शहरात हलवायचं ठरलं होतं. तेवढ्यात बापाने सूचना वाचली आणि धावत जाऊन त्यांना सांगितलं. रक्त तपासलं, औषध दिलं. आज घरी सोडलं. "तिची आई विचारतेय, विहिरीचं कोणी शोधलं? काय नाव सांगू?"

नाव सांगायला तोंड उघडलं, आणि विचारलं भलतंच – "तिचं वजन किती आहे हो?"

तीन किलो नऊशे.