तालीम चाललीय

बाबा, परवा टीव्हीवरच्या सिनेमात तुमचा तो अमेरिकन नट पुन्हा मेला. पार म्हातारा झालाय, तरी गळा दाबायला लोकांना तोच सापडतो. त्याचं हिंदी आता दुसराच कुणी बोलतो आणि फार लवकर ओरडतो. तुम्ही त्याची सालटी काढली असतीत. जन्मभर तुम्ही त्या माणसाच्या तोंडून बोललात. गुंडाचा उजवा हात, लाचखोर पोलीस, तुरुंगातला दादा, पुढे नायकाचा दारुडा बाप. नायक कधीच नाही. त्याचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, मग तुमचं कुठून राहणार?

एकदा सुट्टीत तुम्ही मला डबिंगच्या स्टुडिओत नेलंत. संवाद आधी उरकले. मार खाण्याचे आवाज शेवटी, कारण त्यानंतर घसा कामाचा राहत नाही. काचेपलीकडे तुम्ही स्वतःच्याच पोटात बुक्क्या मारत होतात. घाम पुसत बाहेर आलात आणि म्हणालात, "खरा फटका बसला की आधी श्वास अडकतो, आवाज मागून येतो. आधी ओरडतो तो नट." खूश होतात, मला वडापाव घेऊन दिलात. त्याच संध्याकाळी आमटी खारट झाली म्हणून तुम्ही आईच्या पाठीत लाटणं घालता. तिचा श्वास अडकतो. मी आवाजाची वाट बघत उभी आहे आणि तो येतच नाही. घरभर फक्त तुमचं ओरडणं आणि भांड्यांची आदळआपट. शेजारच्या काकू दारात येतात. आई पदराने ओठ टिपून सांगते, "काही नाही हो, ह्यांची तालीम चाललीय." काकू हसत परत जातात. तुमच्या मेहनतीचं सगळ्या मजल्याला कौतुक होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, बाबा.

शुक्रवारी दुपारी आम्ही इथे आखातात, अल मुंतझाच्या फ्लॅटमध्ये जेवून बसलो होतो. शेजारून धप्पकन आवाज आला. "टीव्ही असेल," नवरा म्हणाला. मुलगी मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "इट्स जस्ट अ मूव्ही, आई." मी कान देऊन ऐकलं. पुन्हा धप्प. मग काहीच नाही. मग, खूप मागून, बाईचा आवाज. मी उठले तसा नवऱ्याने हात धरला. "अगं, शेजारी माझा मॅनेजर राहतो. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. गेलीस तर खलास, सामान बांधायचं आपण."

मी हात सोडवून गेले. मॅनेजरने दार फटभर उघडलं. "कुछ नहीं भाभी, टीवी चल रहा था." मागे टीव्ही बंद होता. माझ्या घशातून तुमचा आवाज निघाला, तुरुंगातल्या दादाचा. "दरवाज़ा छोड़." त्याने सोडलं.

आता त्याची बायको आमच्या स्वयंपाकघरात फुटलेल्या ओठाला बर्फ लावून बसली होती. आत माझ्या नवऱ्याचा फोन वाजत होता आणि तो उचलत नव्हता. "आपको कैसे पता चला, भाभी?" मी म्हटलं, "मेरे पिताजी आर्टिस्ट थे." इतक्या वर्षांत तुमच्याबद्दल बोलताना पहिल्यांदा माझी मान वर होती, आणि त्याचाच मला इतका संताप आला की हे लिहायला बसले. हे कुठे पाठवायचं नाही, आणि आई असती तर तिलाही दाखवलं नसतं. कारण दार सुटल्यावर मला तेवढ्यावर थांबता आलं नाही. त्याच्या थोबाडीत द्यायला मी हात उचलला होता. त्याची बायको बाहेर आली, तिने तो हात पाहिला आणि माझ्यापासून तोंड झाकून घेतलं.